झिम्म्याला प्रेक्षक नको

घटस्थापना जवळ आली की कोल्हापुरात एक वाद ठरलेला असतो. दांडिया आपला नव्हे, तो गुजरातचा. आपला हादगा, आपली झिम्मा-फुगडी. मग कुणी म्हणतं, आपल्या खेळांना शासनानं अनुदान द्यावं. कुणी म्हणतं, तालुक्या-तालुक्याला स्पर्धा घ्याव्यात, शाळेत आठवड्याला एक तास ठेवावा. या मागण्यांमागची काळजी खरी आहे, उपाय मात्र उलटा आहे. झिम्मा-फुगडीला ओहोटी लागली असेल तर ती दांडियामुळे लागलेली नाही. आपण ती बघायची गोष्ट केली, म्हणून लागली. जो खेळ मुळातच बघणाऱ्यासाठी रचलेला नाही त्याच्यापुढं खुर्च्या मांडल्या की त्याचं काय होतं, याचा विचार अनुदान मागणाऱ्यांनी आधी करावा.

दांडियावरचा राग प्रथम बाजूला ठेवू. गरब्याचं जुनं रूप काय? भोकं पाडलेला मातीचा घट, त्यात दिवा आणि त्याच्याभोवती टाळ्या वाजवत फिरणाऱ्या बायका. हादगा काय? पाटावर काढलेला हत्ती आणि त्याच्याभोवती फेर धरलेल्या पोरी. सूर्य हस्त नक्षत्रात गेला की हा खेळ सुरू होतो. पुण्याकडं त्याला भोंडला म्हणतात, विदर्भात भुलाबाई. तेलंगणात याच दिवसांत बतुकम्मा असते: रानफुलांचा थरांवर थर रचलेला मनोरा मध्ये ठेवायचा आणि भोवती टाळ्यांचा फेर. एकातून दुसरं निघालं का, आधी कोणतं, यावर भांडत बसण्यात मला रस नाही. पाऊस सरत असताना, पिकं हाताशी आलेली असताना, मध्ये काहीतरी मांडून बायकांनी भोवती फिरायचं हे दख्खनपासून गुजरातपर्यंत चालत आलंय, एवढं उघड आहे. बहिणी-बहिणींत आपली कोण आणि परकी कोण हा हिशेब हाताला काही लागू देत नाही.

डिसेंबर 2023 मध्ये युनेस्कोनं गुजरातच्या गरब्याला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हा आपल्याकडं काही जणांना हळहळ वाटली की आमच्या हादग्याचं काय. पण गरब्याला जे लागलंय ते यादीत जाऊन सुटणारं नाही. पासाचे दर, प्रायोजकांच्या कमानी, गाण्याच्या ठेक्यापेक्षा मोठा आवाज. घट कोपऱ्यात आणि गायिका मंचावर. तरीही एक गोष्ट दांडियाच्या बाजूनं मान्य करायला हवी. पास काढून आत गेलेली पोरगी तिथं नाचते. आपल्या संस्कृती जपणाऱ्या कार्यक्रमात ती खुर्चीवर बसते.

फेराची गाणी कधी कागदावर वाचून बघा, कंटाळा येतो. सून माहेरी जायची परवानगी मागते. सासू म्हणते, आधी कारल्याचा वेल लाव. वेल लावला, आता त्याला कारली येऊ देत. कारली आली, आता भाजी कर. भाजी केली, आता खा. प्रत्येक कडव्यात माहेर एक पायरी पुढं सरकतं. दुसऱ्या एका गाण्यात सासरची माणसं एकेक करून न्यायला येतात, प्रत्येक जण काहीतरी घेऊन येतो, ती प्रत्येकाला नाही म्हणते आणि नवरा आला की निघते. वाचणाऱ्याला शेवट तिसऱ्या कडव्यातच कळलेला असतो. साहित्य म्हणून तपासणारे म्हणतात की ही गाणी साधी आहेत, पुनरुक्ती फार.

पण ती पुनरुक्ती कुणासाठी आहे? जिला गाणं येत नाही, तिच्यासाठी. नवी लग्न होऊन आलेली, आज पहिल्यांदाच या गल्लीतल्या फेरात उभी राहिलेली पोरगी पहिलं कडवं नुसतं ऐकते, दुसऱ्याला ओठ हलवते, तिसऱ्याला तिला कळतं की आता फक्त नात्याचं नाव बदलायचंय. चौथ्याला ती सगळ्यांच्या बरोबरीनं गात असते. शिकवणारी कुणी नाही, तालीम नाही, पुस्तक नाही. गाण्याची बांधणीच अशी की अनोळखी माणूस पाच मिनिटांत आत यावा. पायांचंही तसंच: पाऊल एक, टाळी एक, फिरण्याची दिशा एक. चुकलं तर शेजारणीचा धक्का लागतो आणि पाऊल आपोआप जागेवर येतं. नवी कुणी आली तर दोघींनी हात सोडायचे आणि तिला मध्ये घ्यायचं. फेर तेवढा मोठा होतो. कुणाला घरात रडणाऱ्या पोराकडं धावायचं असेल तर ती सुटते, फेर पुन्हा जुळतो. गाणं थांबत नाही.

हादग्याची खिरापतही याच बेतातली. पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, अशी चढत जाणारी. आणि डब्यात काय आहे ते सगळ्यांनी ओळखायचं. जिला गाता येत नाही, नाचता येत नाही, ती डबा हलवून आवाजावरून ओळखते आणि त्या दिवसाची राणी होते. म्हणजे गळा नसलेलीसाठीही जागा राखलेली.

फुगडीकडं बघा. हाताची अढी घालायची, पायांची बोटं जुळवायची आणि अंग मागं टाकायचं. दोघींचं वजन सारखं असायची गरज नाही. जड असेल तिनं कमी मागं झुकायचं, हलकीनं जास्त. हा हिशेब बोलून होत नाही, दोन गिरक्यांत अंगाला समजतो. एकीनं हात सोडला तर दोघी पडतात. त्यामुळं फुगडीत एकटीनं चमकणं शक्यच नाही. बस फुगडी, दंड फुगडी, एका हाताची फुगडी, जात्याची फुगडी असे जितके प्रकार, तितके दोघींनी एकमेकींना सांभाळायचे प्रकार. तुकोबांच्या गाथेत फुगडीवर अभंग आहेत, म्हणजे साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वीही हा खेळ इतका घरोघरचा होता की परमार्थ सांगायला तो हाताशी धरावासा वाटला.

आता हेच स्टेजवर आणा. पहिली गोष्ट घडते ती फेराची. गोल फिरताना निम्म्या बायकांची पाठ परीक्षकांकडं होते, म्हणून गोलाचा अर्धगोल होतो, आणि दोन वर्षांत त्याच्या सरळ रांगा. मग वेळ. दहा मिनिटांत झिम्मा, फुगडी, पिंगा, घागर घुमवणं, सूप नाचवणं, काटवट कणा, उखाणा आणि शेवटी सामाजिक संदेश बसवायचा म्हटल्यावर कारल्याच्या वेलाला फक्त दोन कडवी मिळतात. बघणाऱ्याला पुनरुक्ती सोसत नाही, म्हणून पहिली कात्री तिलाच. आणि ती गेली की नव्या बाईला आत यायचं दार बंद होतं, कारण आता सगळं आधी पाठ असावं लागतं. पाठ असायचं तर सराव हवा, सरावाला गट हवा, गटाला सारख्या रंगाची नऊवारी हवी, बसवून देणारी बाई हवी. गुण असतात ते वेशभूषेला, एकसंधपणाला, सादरीकरणाला. किती अनोळखी बायका तुम्ही आत घेतल्या, याला गुण देणारा परीक्षक मी अजून पाहिलेला नाही.

मंगळागौरीचं तर याहून पुढं गेलंय. नव्या नवरीच्या घरी किंवा हॉलवर गट बोलवायचा, तो दोन तास खेळ करून दाखवतो, पाहुण्या मोबाइल धरून बसतात आणि जिची मंगळागौर ती मधल्या सोफ्यावर. शेवटच्या दहा मिनिटांत निवेदिका म्हणते, आता तुम्हीही या. कुणी उठत नाही. उठणार कशी? समोर दोन तास जे झालं त्यानं तिला एवढंच पटवून दिलेलं असतं की हे आपल्याला जमणारं नाही. ‘मी न्हाई बाई, मी हितनंच बघतो’, असं ती म्हणते, आणि ज्या बाईच्या आईनं आणि आजीनं आयुष्यभर पंचमीला फेर धरला तिला आपण प्रेक्षक करून घरी पाठवतो. त्या गटांतल्या बायकांवर माझा राग नाही. त्यांची मेहनत मोठी आहे, त्यातून चार पैसे मिळतात, त्यांनी ते जरूर मिळवावेत. प्रश्न आपला आहे: अंगानं करायची गोष्ट आपण विकत घेऊन बघायला लागलो.

स्पर्धांचा विरोध करणाऱ्यांत एक सूर मला पटत नाही, तोही सांगतो. पूर्वी सगळं कसं उत्स्फूर्त होतं, निर्मळ होतं, असं ते म्हणतात. नव्हतं. पंचमीला मुराळी जाईल, सासू पाठवील, तरच लेक माहेरी यायची. गौरीच्या जागरणाला रात्रभर झिम्मा चालायचा, पण तो कुणाच्या अंगणात, कुठल्या भावकीत आणि कुणाला सोडून, हे ठरलेलं असायचं. गावकुसाबाहेरच्या वस्तीचा फेर वेगळा. आणि फेराच्या कडेला भिंतीला टेकून बसलेल्या एक-दोन बायका असायच्या, ज्यांना सगळी गाणी येत, ज्यांच्या आवाजावर खेळ चाले, पण ज्या उठत नसत, कारण त्यांचा नवरा वारलेला असे. लोकपरंपरेला प्रेक्षक नव्हता असं मी म्हणतो तेव्हा या बायका मला आठवायला हव्यात. त्या बघत होत्या, आणि तेही स्वखुशीनं नव्हे.

स्पर्धांनी इथं मोठं काम केलंय, ते नाकारणं कोतेपणाचं होईल. सासूला आणि नवऱ्याला ‘स्पर्धा आहे’ म्हणून सांगता येतं. ‘नाचायला जाते’ असं सांगता येत नव्हतं. करवीर, कागल, राधानगरीच्या गावांतून पन्नाशीच्या, साठीच्या बायका गाड्या करून येतात, दिवसभर घराबाहेर राहतात, माइकवर उखाणा घेतात. गटात जात विचारली जात नाही, निदान जुन्या अंगणाइतकी तरी नाही. आणि खरं सांगायचं तर यातला अस्सल झिम्मा अंतिम फेरीत नसतोच. तो महिनाभर आधी, रात्री जेवणं आटोपल्यावर कुणाच्या तरी गच्चीवर सराव चालतो तिथं असतो. तिथं सरळ रांग नसते, कुणी चुकते, सगळ्या हसून खाली बसतात, शेजारची कुणीतरी कठड्यावरून ‘मी पण येतो’ म्हणत आत शिरते. (आमच्याकडच्या बायका ‘येतो’च म्हणतात, परगावच्या वाचकांनी दचकू नये.) स्पर्धेनं दिलेली खरी भेट ती गच्ची आहे. ढाल नव्हे.

आणखी एक टूम सध्या जोरात आहे. या खेळांचं मूळ काय, तर म्हणे आपल्या पूर्वजांनी स्त्रियांच्या आरोग्यासाठी केलेली व्यायामाची योजना. फुगडीनं अमुक अवयवाला फायदा, पिंग्यानं तमुक. फॉरवर्ड होऊन येणाऱ्या या मजकुराला मला एवढंच विचारायचंय: पहाटे जात्यावर बसणाऱ्या, उखळात कांडणाऱ्या, विहिरीवरून दोन-दोन घागरी आणणाऱ्या बाईला व्यायाम कमी पडत होता का? तिला कमी पडत होती ती मोकळीक. सासूला नावं ठेवायची, सवतीशी भांडायची, नणंदेची नक्कल करायची, नवऱ्याला वेडा ठरवायची मोकळीक. आणि तीही चार जणींच्या टाळ्यांच्या आड, म्हणजे नाव कुणा एकीवर येणार नाही. फेराचं मूळ शोधायचंच असेल तर ते तिथं शोधावं. मग हेही लक्षात येतं की सासरच्या मंडळींना पहिल्या रांगेत पाहुणे म्हणून बसवून हा खेळ होऊच शकत नाही.

कोल्हापुराकडून मला यापेक्षा जास्त अपेक्षा आहे, आणि त्याला कारण आहे. राजर्षी शाहू महाराजांनी 1917 साली आपल्या संस्थानात विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्यानं मान्यता दिली. मे 2022 मध्ये, महाराजांच्या निधनाला शंभर वर्षं होत असताना, याच जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ठराव केला की पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं ही प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास विभागानं इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. ठराव कागदावर झाला. तो अंगणात उतरला की नाही हे कळायला गौरीच्या रात्रीइतकी चोख जागा दुसरी नाही. भिंतीला टेकलेली बाई उठली का? दोघींनी हात सोडून तिला मध्ये घेतलं का? हे स्टेजवरच्या सामाजिक संदेशानं होत नाही. तिथं विधवेचं काम करणारी बाई पांढरी साडी नेसून रडते आणि बघणाऱ्या टाळ्या वाजवतात; टाळ्या वाजवणाऱ्यांत खरी विधवा बसलेली असते आणि ती बसूनच राहते.

सगळे मिळून नाचण्याची रीत आपल्या हाडात नाही असं कुणी म्हणत असेल तर त्यानं आषाढी एकादशीला कोल्हापूरहून नंदवाळला जाणाऱ्या दिंडीबरोबर पुईखडीपर्यंत चालून यावं. रिंगण झालं की वारकरी फुगड्या घालतात. पुरुष पुरुषांशी, बायका बायकांशी, म्हातारं-कोतारं, ओळख असो-नसो. समोर आलेल्याच्या पाया पडायचं, हात अडकवायचे आणि गिरकी. कोण चांगली फुगडी घालतो हे कुणी मोजत नाही. चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठी नाचवणाऱ्यांच्या आजूबाजूला गुलालात कोण भक्त आणि कोण बघ्या हे वेगळं काढून दाखवा.

आणि, मला आवडत नसलं तरी, गणपतीच्या मिरवणुकीतला डॉल्बी. राहत्या वस्तीत दिवसा 55 डेसिबलची मर्यादा कायद्यानं घातलेली असताना तिथं जे चालतं त्याचं समर्थन होऊ शकत नाही. छातीत धडधड होणारी म्हातारी माणसं मिरवणुकीच्या वाटेवरच्या घरोघरी असतात. पण शहरातली नाचाची एकमेव मोठी जागा जिथं कुणालाही, कसंही नाचता येतं, निवड चाचणी न देता, ती आज डॉल्बीपुढची आहे, हे कबूल करायला हवं. ती बहुतेक करून पुरुषांची आहे. पोरांना रस्ता मिळाला आणि बायकांना स्टेज. रस्त्यावर गुण देत नाहीत, स्टेजवर देतात. हा भेद कुणी मुद्दाम केलेला नसेल, पण तो आहे, आणि संस्कृती टिकवण्याच्या भाषणांत त्याचा उल्लेख येत नाही.

तेलंगणाचं उदाहरण उपयोगी पडेल. राज्य झाल्यावर 2014 साली बतुकम्मा हा तिथला राजोत्सव ठरला. सरकारी खर्च आला, मोठी मैदानं आली, विक्रम नोंदवून झाले. सरकारी आश्रयानं तिचीही नुसती शोभायात्रा होऊ शकली असती. पण एक आधार तिथं टिकून आहे: फुलांचा मनोरा घरोघरी रचला जातो, आणि तो घेऊन गल्लीच्या चौकात यायचं, मध्ये ठेवायचा, फेर धरायचा. ज्या बाईनं सकाळपासून फुलं रचली ती संध्याकाळी प्रेक्षक होऊन येत नाही. आपल्याकडं तशी गोष्ट नाही का? आहे. गौरीचे डहाळे पंचगंगेच्या घाटावरून, रंकाळ्यावरून बायका घरी आणतात, कळशी, डहाळे, हळद-कुंकू हातात असतं, आणि कित्येक जणी तिथंच काठावर फेर धरतात. एकीनं गाणं सुरू केलं की दुसऱ्या पेठेच्या बायका येऊन मिळतात. तिथं बातमीदारांचे कॅमेरे असतात, पण तो फेर कॅमेऱ्यासाठी उभा राहिलेला नसतो.

म्हणून माझं म्हणणं असं, की महापालिका, मंडळं, पुढारी, ज्यांना कुणाला या खेळासाठी खर्च करायचा आहे, त्यांनी तो मंडपावर, गाण्यांच्या ट्रॅकवर आणि चषकावर करू नये. श्रावणातली पंचमी, गौरीची तिन्ही संध्याकाळ आणि हादग्याचे दिवस, एवढ्यापुरती शहरातली मैदानं आणि काठ बायकांसाठी मोकळे ठेवावेत. खुर्ची एकही मांडू नये. खुर्ची दिसली की माणूस बसतो. निवेदक नको, पाहुण्यांचा सत्कार नको, आणि सत्कार टाळता येत नसेल तर पाहुण्यांनी आधी एक फुगडी घालावी. ध्वनिक्षेपकाची गरजच नाही. झिम्म्याला गळा आणि तळहात पुरतात, त्यामुळं रात्री दहाचा नियमही आड येत नाही. शाळेत तास ठेवायचाच असेल तर तो स्नेहसंमेलनाची बसवाबसव म्हणून नको. पोरी आणि पोरं दोघांनाही फेरात उभं करावं आणि शिक्षिकांनीही उतरावं. स्पर्धा घेणाऱ्यांनी त्या बंद कराव्यात असं मी म्हणणार नाही, कारण गच्चीवरचा महिना त्यांच्यामुळं मिळतो. पण अंतिम फेरीच्या दिवशी निकालाआधी सगळे गट खाली उतरवून, एकमेकींत मिसळून, तासभर एकच फेर धरायचा नियम त्यांना सहज करता येईल. त्या तासाला गुण नसावेत.

हे सगळं झालं तरी बायका येणार नाहीत, असं आयोजक सांगतील, आणि त्यात तथ्य आहे. रात्री नऊला शहरालगतच्या शिंगणापूरहून, उचगावहून आलेली बाई परत कशी जाणार, काठावर उजेड आहे का, स्वच्छतागृह कुठं आहे, त्याला कडी आहे का, पाणी आहे का, हे ती आधी विचारते. पुरुषांच्या मिरवणुकीला हे प्रश्न पडत नाहीत. एखाद्या मोठ्या स्पर्धेच्या बक्षिसांच्या रकमेत दिवे लागतील, फिरती स्वच्छतागृहं उभी राहतील आणि परतीच्या केएमटी बसच्या जादा फेऱ्यांचे पैसेही भरता येतील. त्यांच्यावर प्रायोजकाचं नाव लिहायचं असेल तर खुशाल लिहावं.